हिराआत्याचा जबाब

निघताना बाबांनी विमानतळावर मला दोनच गोष्टी बजावल्या. लोणच्याची बाटली हातातल्या पिशवीत ठेवू नकोस, आणि तिकडे गेल्यावर मराठी बोलायला लाजू नकोस. पहिली मी ऐकली नाही, त्यामुळे आमच्या अंगणातल्या आंब्याचं लोणचं तपासणीच्या टेबलावरच राहिलं. दुसरी मात्र ऐकली, आणि तिच्यापायी नवी मुंबईत माझी नोकरी आणि घर दोन्ही जायची वेळ आली होती. तरीही ती ऐकली याचा मला आनंदच आहे. तेच सांगायला बसले आहे.

मॉरिशसमधल्या माझ्या वाचकांना आमचं घर माहीत आहे, पण हे महाराष्ट्रातही कोणी वाचेल म्हणून थोडं सांगते. आमचे पूर्वज कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला या बेटावर आले. मूळ पुरुषाचं नाव भिकाजी. नोंद करणाऱ्या कारकुनाने तेवढंच लिहून घेतलं, म्हणून भिकाजी हेच आमचं आडनाव होऊन बसलं. मी शैला भिकाजी. बाबा आयुष्यभर शाळेत मराठी शिकवत होते आणि घरात त्यांचा नियम कडक होता. बाहेर क्रिओल (बेटावरची बोलीभाषा) बोला, कचेरीत फ्रेंच बोला, ताटावर बसलात की मराठी. त्यामुळे मला आमटी फक्त मराठीत मागता येते आणि भांडता तिन्ही भाषांत येतं.

या भाषांनीच मला नोकरी मिळवून दिली. नवी मुंबईत रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांची पाकिटं भरणारी यंत्रं बनवणारा एक कारखाना आहे. त्यांची यंत्रं फ्रेंच बोलणाऱ्या आफ्रिकी देशांत जातात. तिकडचं गिऱ्हाईक फोनवर फ्रेंचमध्ये ओरडतं आणि इकडचा फिटर मराठीत उत्तर देतो. त्या दोघांच्या मध्ये बसायला त्यांना कोणीतरी हवं होतं. व्हिसा एका वर्षाचा मिळाला. पुढे वाढवून मिळू शकेल, असं पत्रात लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि कपडे भरायला लागले.

मुंबईला उतरल्यावर परदेशी प्रवाशांच्या रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, कशासाठी आलात. मी मराठीत सांगितलं, नोकरीसाठी, रबाळ्याला. त्याने मान वर न करता मला बाजूची भारतीयांची रांग दाखवली. मी हलले नाही तेव्हा त्याने पासपोर्ट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि शेजारच्या खिडकीतल्या बाईंनाही दाखवला. मग दोघांनी मिळून मला आजोबांचं नाव काय, कोकणातलं गाव कोणतं, घरी कुळथाचं पिठलं करता का, असं काय काय विचारलं. माझ्या मागे उभे असलेले एक गोरे गृहस्थ सारखे घड्याळ पाहत होते. शेवटी शिक्का बसला. "वेलकम बॅक," बाई म्हणाल्या. मी तर पहिल्यांदाच येत होते, पण त्यांचं म्हणणं मला खोडावंसं वाटलं नाही.

बाहेर माझ्या नावाचा कागद धरून माने उभे होते. कारखान्यातल्या माणसांच्या नेमणुका, रजा, पगार हे सगळं माने पाहतात. मूळचे साताऱ्याकडचे. वडील बाजार समितीत माथाडी (मालाच्या गोण्या वाहणारे कामगार) होते आणि माने स्वतः कोपरखैरण्यात वाढले. परदेशी माणूस नोकरीला ठेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि परदेशात नोकरी करण्याची माझीही. गाडीत बसल्यावर त्यांनी हे मोकळेपणाने सांगून टाकलं आणि पाठोपाठ म्हणाले, "काय टेन्शन घेऊ नका मॅडम. सगळं हुतं." पुढे वर्षभर हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की ते म्हणाले नाहीत तर मला टेन्शन यायचं.

ऐरोलीच्या पुलावर गाडी आली तेव्हा ओहोटी होती. दोन्ही बाजूंना ओला काळा चिखल, तिवरांची (खाडीकाठी वाढणाऱ्या झाडांची) दाटी, वरून गेलेल्या विजेच्या जाड तारा, आणि समोर इमारतींच्या मागे लांबच लांब डोंगर. आमच्या बेटावर डोंगराच्या पलीकडे समुद्र असतो हे ठरलेलं. इथे पाणी मागे राहिलं आणि डोंगराच्या पलीकडे आणखी जमीनच होती. पहिले काही दिवस माझ्या दिशा चुकत राहिल्या.

घर मिळवणं हे पहिलं संकट. माने मला ऐरोलीतल्या एका सोसायटीत घेऊन गेले. सेक्रेटरी भले गृहस्थ होते, त्यांनी चहा दिला. मग मान्यांना बाजूला घेऊन, मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणाले की फॉरेनर नको, पोलिसांचं लचांड मागे लागतं. माझ्या नाकावर राग असतोच. मी मराठीत विचारलं की माझं काय चुकलं ते मला सांगा. ते गोंधळले. म्हणाले, अहो, तुम्ही तर आपल्याच दिसता, मग फॉरेनर कशा? मी म्हटलं, पासपोर्टाने. मग त्यांनी खरोखर वाईट वाटून मान हलवली, "पासपोर्टानेच प्रॉब्लेम होतो ना, मॅडम." असा प्रॉब्लेम मग घणसोलीपर्यंत प्रत्येक सोसायटीत झाला.

शेवटी माने मला तळवलीत घेऊन आले. तळवली हे जुनं गाव. शहर वसवायला भोवतालची शेतं आणि मिठागरं गेली, गाव मात्र जागच्या जागी राहिलं आणि वर वाढलं. दोन माणसं शेजारून जाताना खांदा तिरका करावा लागेल अशा गल्ल्या, आणि एकमेकांच्या गॅलरीला टेकलेली घरं. त्यातल्या एका घराच्या पायरीवर साठीची एक बाई कोलंबी सोलत बसली होती. तिच्या नऊवारीचा काष्टा गुडघ्यापर्यंत घट्ट ओढलेला होता. ती हिराबाई. नवरा वारलेला, एकुलती एक मुलगी उरणजवळ द्रोणागिरीला दिलेली. वरची खोली रिकामी होती. माने माझी कंपनी, पगार, व्हिसा सांगायला लागले. तिने त्यांना थांबवलं आणि मला एकच प्रश्न विचारला.

"म्हावरा (मासळी) खातंस का गो?"

मी हो म्हटलं. ती उठली, हात धुतले आणि किल्ली आणून दिली.

परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाने तसं पोलिसांना ऑनलाइन कळवावं लागतं. माने तिथेच ओट्यावर बसून आपल्या मोबाइलवर तो फॉर्म भरू लागले. हिराबाईच्या फोनवर ओटीपीचे आकडे आले, ते तिने एकेक करून असे मोठ्याने वाचले की अख्ख्या गल्लीला पाठ झाले असतील. तिला वाटलं गॅसचं बुकिंग चाललंय. आम्हीही समजावून सांगितलं नाही, कारण आम्हाला भूक लागली होती. त्या दुपारी तिने तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण वाढलं. मी दुसरी भाकरी मागितली तेव्हा ती मान्यांकडे वळून म्हणाली, पोरगी जेवते हो. मी कुठून आले हे मी तिला नंतर अनेकदा सांगितलं. समुद्रापलीकडचं बेट हे तिला पटलं होतं. पण परदेशी म्हणजे गोरे, काट्याने जेवणारे, अशी तिची पक्की समजूत होती आणि त्यात मी काही केल्या बसत नव्हते.

दिवस बरे चालले होते. सकाळी ठाणे-बेलापूर रस्त्यावरून शेअर रिक्षाने कारखान्यात जायचं. तिथे पश्चिम आफ्रिकेतल्या आबिजान शहराचा कोणी कारखानदार यंत्र बंद पडलं म्हणून फोनवर डाफरत असायचा. त्याच्या रागातला राग काढून उरलेलं मी फिटरांना मराठीत सांगायची आणि फिटरांच्या उत्तरातल्या शिव्या काढून उरलेलं त्याला फ्रेंचमध्ये. दोन्ही बाजूंना समोरचा माणूस फार सभ्य वाटायचा. संध्याकाळी घरी आले की जिन्यातच सुक्या बोंबलांचा वास यायचा आणि मला घरची आठवण येण्याऐवजी भूक लागायची.

गणपतीत एक गोष्ट घडली. आमच्या बेटावर गणपती असतोच, पण तळवलीत गणपतीइतकाच गौरीचा थाट. गौर घरात आणायची ती घरच्या लेकीने, असा तिथला रिवाज. हिराबाईची मुलगी त्या वर्षी नुकतीच बाळंत झाली होती, ती येऊ शकत नव्हती.  मग गौरी आणायच्या दिवशी सकाळी तिने मला हिरवी साडी नेसवली, माझ्या हातात तेरड्याची जुडी दिली आणि गल्लीतल्या बायकांबरोबर विहिरीवर पाठवलं. मी वाजतगाजत गौर घेऊन आले. उंबऱ्यावर तिने माझे पाय धुतले, तेव्हा मला कुठे पाहावं ते कळेना. गौरीला नैवेद्य होता चिंबोऱ्यांचा (खेकड्यांचा). रात्री बायका फेर धरून गायला लागल्या. मी आमच्याकडची झाकरी (कोकणातली जाखडी, आम्ही झाकरी म्हणतो) म्हटली, ती आजीने शिकवलेली. बायका थांबल्या, ऐकत राहिल्या, आणि दुसऱ्या कडव्याला त्यांनी ठेका धरला. त्या दिवसापासून मी त्या बाईला हिराआत्या म्हणू लागले आणि ती सगळ्यांना, ही माजी भाची, असं सांगू लागली. मला फार बरं वाटायचं. त्यातून काय निघणार आहे याची आम्हा दोघींनाही कल्पना नव्हती.

वर्ष संपत आलं. मुदत संपायच्या आत वाढीचा अर्ज करावा लागतो, तो माने आणि मी मिळून केला. कंपनीचं पत्र, करारनामा, कराचे कागद, सगळं होतं. गाडी अडली ती पत्त्यावर. तळवलीसारख्या गावांतली पुष्कळ घरं मालकांनी गरजेपोटी वाढवलेली, त्यांचे कागद अर्धवट. त्यामुळे भाडेकरार नीट नोंदवता येईना. एका वकिलाने सांगितलं, विजेचं बिल, साधा करार आणि कंपनीचं पत्र जोडा, मग पोलीस घरी येऊन खात्री करतील, घाबरायचं कारण नाही. आम्ही तसं केलं. माने म्हणाले, सगळं हुतं.

पंधरवड्याने माझ्या अर्जापुढे शेरा आला. दिलेल्या पत्त्यावर अर्जदार परदेशी व्यक्ती राहत असल्याचं आढळून आलं नाही, तरी खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसेल तर अर्ज निकाली निघणार, आणि महिनाअखेर व्हिसा संपल्यावर देश सोडावा लागणार. एकदा गेलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि तोवर कारखाना माझी खुर्ची रिकामी ठेवणार नव्हता. तसं साहेबांनी स्पष्टच सांगितलं, आणि त्यांचंही चूक नव्हतं. माने माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

"मॅडम, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तुमी ऱ्हाता कुटं?"

मी चिडले. त्यांच्यावर, पोलिसांवर, ऐरोलीच्या त्या सेक्रेटरीवरसुद्धा. तशीच तणतणत घरी गेले. हिराआत्या बोंबील तळत होती. मी पोलिसांचं नाव काढलं मात्र, ती खुशीत सांगू लागली. मध्ये एक पोलीस आला होता म्हणे. विचारत होता, इथे कोणी परदेशी बाई राहते का. आत्याने विचारलं, कशाला? तो म्हणाला, चौकशी आहे. चौकशी म्हटल्यावर हिने दार अर्धं लोटून घेतलं. आसपासच्या वस्त्यांतून कागद नसलेल्या परदेशी माणसांना पोलीस घेऊन जातात, हे तिच्या कानावर होतंच. तिने ठणकावून सांगितलं की इथे परदेशी कोणी नाही, मी आणि माझी भाची राहतो. त्याने शेजारी विचारलं. शेजारणी म्हणाल्या, हो, भाचीच ती, गौर तिनेच आणली. बिचारा शिपाई सगळी गल्ली फिरला आणि सगळ्या गल्लीने त्याला एकच उत्तर दिलं.

"पाठवला त्याला परत," आत्या म्हणाली आणि माझ्या ताटात बोंबील वाढला. "कुनी तुज्या अंगाला हात लावनार नाय."

मी तिच्यावर ओरडणार होते. पण ते ताट पाहून आधी हसायला आलं आणि हसता हसता रडायला. ती घाबरली. मग मी तिला जमिनीवर समोर बसवून सगळं सांगितलं. परदेशी असणं हा गुन्हा नाही. मी परदेशी आहे आणि या पत्त्यावर राहते, एवढंच त्यांना हवं होतं. ते नाही म्हटल्यामुळे मी इथे राहतच नाही असं झालं, आणि आता मला जावं लागेल. तिने हातातला झारा खाली ठेवला. 

"म्हंजे तू परकी हायस बोललं तं तुना ऱ्हाऊ देतान," ती सावकाश म्हणाली, "आन् आमची हायस बोललं तं काढतान?"

मी म्हटलं, हो, तसंच काहीसं.

त्यावर ती कडू हसली. भिंतीवर हात आपटून म्हणाली, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले, आमच्याच शेतांवर शहर उभं राहिलं, आणि आमचं घर अनधिकृत. आम्हाला कागद नाही म्हणून तू अडलीस आणि माझ्या तोंडामुळे आणखी अडलीस. मग तिने तळलेले बोंबील झाकून ठेवले. त्या दिवशी आम्ही दोघीही नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात गेलो. आत्याने लग्नकार्याला नेसायचं जरीचं लुगडं नेसलं होतं आणि माने अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले होते. मला वाटलं होतं रागावतील, ताटकळत ठेवतील. तसं काही झालं नाही. एका तरुण महिला फौजदारांनी आम्हाला बसवलं, पाणी मागवलं आणि सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्यांना हसू आवरत नव्हतं. चौकशीला आलेला शिपाईही तिथेच होता. तो म्हणाला, मॅडम, मी तरी काय करू, अख्खी गल्ली भाची भाची म्हणत होती. फौजदार बाई म्हणाल्या, आजींनी नवा जबाब दिला तर आम्ही तसा अहवाल आजच पाठवतो. मग त्या आत्याकडे वळल्या.

"आजी, ही तुमची कोण लागते?"

 मी तिच्याकडे पाहिलं, माने तिच्याकडे पाहत होते. घरून निघताना 'ही माझी भाडेकरू' असं आम्ही तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं आणि तिने ते नीट म्हटलंही होतं. आता तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी ती म्हणाली, हिनं माझी गौर आणली. फौजदार बाईंनी पेन खाली ठेवलं. शांतपणे म्हणाल्या की आजी, मला समजतंय, माझ्याही आईकडे गौरी असतात. पण तुम्ही नातं सांगितलंत तर मला भाडेकरू लिहिता येत नाही, आणि ती भाडेकरू नसेल तर मी तिला मदत करू शकत नाही.

आत्याने पदर सावरला. माझ्याकडे अजिबात न पाहता समोरच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "परदेशी हाय. भाड्यानं ऱ्हाते. माजी कोन नाय."

लेखनिकाने ते लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. सरकारी मराठीत ते आणखी लांबलचक झालं होतं. 'सदर महिला ही परदेशी नागरिक असून माझे घरी भाडेतत्त्वावर राहते, तिचे व माझे कोणतेही नातेसंबंध नाहीत.' आत्याने विचारलं, शेवटचं लिहायलाच हवं का? तो म्हणाला, स्पष्ट असलेलं बरं असतं. तिने सही केली. तिला सही येते, शाळेत चौथीपर्यंत गेलेली आहे, पण त्या दिवशी तिचा हात इतका हळू चालला की लेखनिकाला कागद धरून उभं राहावं लागलं. निघताना तिने फौजदार बाईंना विचारलं, आता ही माझ्याबरोबर घरी येऊ शकते ना? बाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हो आजी, तिचा पत्ताच तो आहे.

आम्ही रिक्षाने घरी निघालो. मी तिचा हात धरला होता, तो तिने सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे बघेना. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर उंबऱ्यावर झाकलेली भाकरी होती आणि खालून तिचा शेजारणीशी भांडतानाचा आवाज येत होता. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मुदतवाढ महिना संपायच्या आधी आली. माने कारखान्यात सातारचे कंदी पेढे घेऊन फिरले आणि प्रत्येकाला सांगत सुटले की आपल्या हातून परदेशी माणसाचं पहिलं काम झालं. आबिजानच्या कारखानदारालाही मी फोनवर सांगितलं. त्याने अभिनंदन केलं आणि लगेच यंत्राबद्दल डाफरायला लागला. मला तेही गोड वाटलं. त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येक माणसाचं, वकिलाचं, शिपायाचं, फौजदार बाईंचं, मी इतकं देणं लागते असं वाटत होतं की कोणाला काय द्यावं हेच सुचेना. आभार मानायला मराठीत फारसे शब्द वापरत नाहीत, हे तेव्हा फार अडलं.

रजा घेऊन मी घरी आले. आमच्या विमानतळावर नागरिकांच्या रांगेत कोणी काही विचारलं नाही, पासपोर्ट पाहिला आणि परत दिला. बाबा बाहेर उभे होते. जेवताना, अर्थात मराठीत, त्यांनी विचारलं, मग तिकडचं नागरिकत्व घेणार का? मी त्यांना नियम सांगितले. तिकडचं घ्यायचं तर इथलं सोडावं लागतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. त्यासाठी आधी वर्षानुवर्षं तिथे राहिलं पाहिजे. मधला एक मार्ग आहे, भारतीय वंशाच्या परदेशी लोकांना एक कार्ड मिळतं, मग कामासाठी असा दरवर्षीचा अर्ज लागत नाही. तरी मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. आपल्या बेटावरच्या लोकांसाठी पिढ्यांची अट सैल केली आहे. पण भिकाजीपासून माझ्यापर्यंत प्रत्येकाचा दाखला एकाला एक जोडून दाखवावा लागेल. बाबा शिक्षक माणूस, त्यांचे डोळे चमकले. दुसऱ्या दिवशीच ते अभिलेखागारात जाऊन बसले. तिथे भिकाजी नावाचे पुष्कळ निघाले. आमचा कोणता, हे शोधायला त्यांना किती दिवस लागतील ते त्यांनाच ठाऊक.

तोवर मी परदेशीच. याचं मला आता फारसं वाईट वाटत नाही. बाबांच्या ओसरीवर बसून हे बहुतेक सगळं लिहिलं, तेव्हा लक्षात आलं की तिकडची प्रत्येक गोष्ट मला कोणी ना कोणी उचलून दिली आहे. खोली, जेवण, सुटलेला प्रश्न. माझं स्वतःचं कर्तृत्व म्हणजे भांडणं आणि भाकरी मागणं. इतकं फुकट मिळाल्यावर माणूस किती दिवस तक्रार करणार?

रजा संपवून मी तळवलीला पोचले तेव्हा ऊन उतरत होतं. हिराआत्या पायरीवरच बसली होती. मला वाटलं, उठेल, तोंडावरून हात फिरवेल. ती बसूनच राहिली. मी गेल्यापासून ती एकाच गोष्टीचा विचार करत असावी, कारण तिने पाणीही न विचारता थेट तेच विचारलं. तुझा तो राहायचा कागद किती दिवसांचा आहे?

मी सांगितलं, वर्षाचा.

मग? तिने विचारलं. मग पुन्हा अर्ज, मी म्हटलं. पुन्हा पोलीस घरी येतील, आणि बहुतेक पुन्हा तुमचा जबाब लागेल. ती गल्लीच्या टोकाकडे बघत राहिली. शेजारची एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती.

"दर सालाला बोलाया लागंल तं बोलन मी," हिराआत्या म्हणाली. "माजी कोन नाय बोलन. सवय व्हईल. तू ऱ्हा."

मग ती उठली, माझी बॅग डोक्यावर घेतली आणि मला पुढे घालून जिना चढू लागली.